सातव्या रिंगेनंतर पडदा

"आणि तो शेवट! विश्रामराव, तो शेवट तुम्हाला सुचला तरी कसा?"

पाहुण्यांनी असं विचारलं तेव्हा मी डाव्या विंगेत स्टुलावर बसून डबा खात होते. पोळीचा घास तोंडात तसाच राहिला. मध्यंतर लांबवून स्टेजवर सत्कार चालला होता. 'परतीची खोली' या आमच्या नाटकाचा शंभरावा प्रयोग, रविवारची दुपार, पुण्यातलं मोठं थिएटर बाल्कनीसकट भरलेलं. विश्रामराव शेणोलीकरांच्या खांद्यावर शाल, एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात नटराजाची मूर्ती. मूर्तीच्या पायाशी कोरलं होतं, 'उत्कृष्ट दिग्दर्शक'.

विश्रामराव जरा थांबले. कुठे थांबायचं ते त्यांना छान कळायचं. मीच शिकवलं होतं.

"काय सांगू तुम्हाला? आमच्या गावच्या देवळात बसलो होतो. घंटा वाजत होती. आणि एकदम डोक्यात आलं की फोन वाजतोय, आणि हा बाप तो उचलत नाही. बस्स! माझ्याच अंगावर काटा आला."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"मेल्या," मी म्हटलं. चांगलं मोठ्यानं म्हटलं. पडद्याच्या दोराशी उभे असलेले दगडूमामा दचकले. "ताई, हळू. त्यांचा माईक चालू आहे."

"असू दे चालू."

मी डब्याचं झाकण आपटून लावलं. तुम्हाला सांगते, ते देऊळ, ती घंटा, तो काटा, सगळं झूट. विश्रामराव गेल्या दहा वर्षांत आपल्या गावाला गेलेले नव्हते.

ते नाटक मी बसवलं होतं. शालन रिसबूड, वय वर्षं एकोणतीस, पहिलंच व्यावसायिक नाटक. एका शाळेच्या रिकाम्या वर्गात एक्केचाळीस दिवस तालमी घेतल्या. नाटक साधंच होतं. अण्णा नावाचा एक ताठ बाप. मुलीनं, नंदानं, स्वतःच्या मनानं लग्न केलं म्हणून त्यानं तिला घराबाहेर काढलंय. बायको दोन अंक विनवण्या करते आणि हा बधत नाही. लेखकानं शेवटी बापाला दोन पानांचं भाषण दिलं होतं, पश्चात्तापाचं. ते मी कापलं. भाषणाच्या जागी फोन ठेवला. सगळ्या नाटकात एकदाही न वाजलेला फोन शेवटी वाजतो. मुलीचा आहे हे अण्णांना कळतं. हातभर अंतरावर बसलेत, पण उचलत नाहीत. सात वेळा वाजून फोन थांबतो, आणि मग त्यांचा हात रिसीव्हरकडे जातो. तिथे पडदा.

हे ऐकल्यावर विश्रामरावांनी संहिता माझ्या पायाशी भिरकावली होती. "फोन बोंबलतोय आणि मी मख्खासारखा बसून राहू? लोक म्हणतील शेणोलीकर बहिरा झाला! माझं भाषण कुठाय?"

"कापलं."

"कुणाला विचारून?"

"मी दिग्दर्शक आहे, विश्रामराव. मलाच विचारून."

तीन दिवस तालमीला आले नाहीत. चौथ्या दिवशी आले, तोंड फुगवून खुर्चीत बसले. जुन्या बाजारातून मी एक विजेची घंटा आणली होती, लाकडी पेटीतली, वर पितळी बटण. ती मी वाजवायला लागले. दोन ठोके, मग थांबायचं. दोन ठोके, मग थांबायचं, दर वेळी आधीपेक्षा जरासं जास्त. पाचव्या रिंगेला त्यांचा जबडा हलायला लागला. सातवी थांबली आणि त्यांचा हात आपसूक पुढे गेला. त्यानंतर तो माणूस ओक्साबोक्शी रडला. माझा हात धरून म्हणाला, "काय केलंस गं बाळ हे माझं?"

त्या दिवशी मला वाटलं, हा माणूस आता आपल्याला जन्मभर विसरणार नाही. किती खुळी होते मी!

पहिल्या प्रयोगाच्या दोन दिवस आधी आमचे निर्माते भाऊ कोरगावकर यांनी मला बोलावून घेतलं. समोर जाहिरातीचा कागद होता. दिग्दर्शक, विश्राम शेणोलीकर. माझं नाव तळाशी, 'रंगमंच व्यवस्था'च्या पुढे.

"चूक झालीये छापखान्याची," मी म्हटलं.

"चूक नाही गं." भाऊ माझ्याकडे बघेनात. वाईट नव्हता माणूस, पण पाठीला कणा म्हणून नव्हता. "विश्राम म्हणतोय, बाईच्या हाताखाली काम केलं असं छापून आलं तर उभा राहणार नाही."

"मग बसवा घरी."

"आणि लोक कुणाला बघायला येतील? तुला? शालन, समजून घे. दिग्दर्शकाचं काम परवा संपतं. नटाचं परवा सुरू होतं. मला रोज लागतो तो नट."

मी तशीच विश्रामरावांकडे गेले. रंगीत तालमीसाठी ते रंगपटात मिशी चिकटवत बसले होते. वळलेसुद्धा नाहीत. आरशातूनच म्हणाले, "बाळ, तू अजून लहान आहेस. तुला पुष्कळ नाटकं मिळतील."

तुम्ही म्हणाल, सोडून का नाही गेलीस? कशी जाणार? ती घंटा दुसऱ्या कुणाला वाजवता यायची नाही. नाटक माझं होतं, आणि ते चुकीचं झालेलं मला बघवलं नसतं. म्हणून राहिले. आणि भाऊंचा आवाज खरखरीत म्हणून पडदा उघडण्याआधीच्या तिसऱ्या घंटेनंतरची नावांची घोषणाही माझ्याच गळ्यात पडली. "दिग्दर्शक, विश्राम शेणोलीकर." शंभर वेळा मी माझ्या तोंडानं हे म्हटलं. एकदाही आवाज कापू दिला नाही.

पण त्या दिवशी ते देऊळ ऐकलं आणि अंगाचा नुसता तिळपापड झाला. नाव नेलंस ते नेलंस. माझ्या डोक्यातला शेवटही तुझ्या डोक्यात उगवला?

दुसरा अंक सुरू झाला. घंटेची पेटी मी मांडीवर घेऊन बसले. एरवी ती शेवटापर्यंत पायाशी असायची.

अंकाच्या सुरुवातीलाच अण्णांचं ते गाजलेलं वाक्य होतं. बायकोचं काम प्रमिलाताई दिवेकर करायच्या, पंचवीस वर्षं रंगभूमीवर काढलेली बाई. त्या भाजी निवडत बसलेल्या असत आणि विश्रामराव पाठीमागे हात बांधून स्टेजच्या मधोमध येत.

"हे घर मी उभं केलंय! पायापासून कौलांपर्यंत! या दारावर माझ्या नावाची पाटी आहे, आणि..."

मी बटण दाबलं.

ट्रिंग ट्रिंग.

प्रमिलाताईंच्या हातातली गवारीची शेंग खाली पडली. विश्रामरावांचं पुढचं वाक्य घशातच अडकलं. क्षणभर त्यांना वाटलं असणार की वायर चिकटली. तसेच पुढे बोलायला लागले, "आणि या घरात माझाच शब्द..."

ट्रिंग ट्रिंग.

आता थिएटरमधली हजार माणसं फोनकडे बघायला लागली. पहिल्या अंकभर त्यांना मुलीच्या फोनची वाट बघायला लावली होती. वाजणारा फोन असा सोडून कसा देणार? विश्रामराव गेले, रिसीव्हर उचलला. "हॅलो? राँग नंबर." आपटला. प्रेक्षक हसले. विश्रामरावांना वाटलं, सुटलो.

मी परत वाजवली.

या खेपेला त्यांनी विंगेत पाहिलं. मी उठून अगदी कडेला उभी राहिले, त्यांना दिसेन अशी. पेटी छातीशी धरलेली, बोट बटणावर. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मेकअपच्या खालून उतरलेला मला दिसला.

मागून भाऊ धावत आले. "शालन! काय करतेस? वेड लागलं का तुला?"

"भाऊ, जवळ आलात तर किंचाळेन. बाल्कनीपर्यंत ऐकू जाईल."

ते जागच्या जागी थांबले.

ट्रिंग ट्रिंग. ट्रिंग ट्रिंग.

विश्रामरावांनी पुन्हा रिसीव्हर उचलला. आणि आता प्रमिलाताईंनी काय करावं? त्यांना सगळं ठाऊक होतं. एक्केचाळीस दिवस तालमीत माझ्यासमोर उभी राहिलेली बाई ती. त्यांनी भाजीची परात बाजूला सारली, पदर खोचला, आणि संहितेत नसलेलं वाक्य शांतपणे टाकलं.

"कोण आहे हो?"

विश्रामरावांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"अहो, मी विचारतेय, कोण आहे फोनवर?"

मी वाट बघत होते. माझं नाव घे. एकदा घे. या माणसांसमोर चोरलंस, या माणसांसमोर परत दे.

पण तो नट होता, आणि नट म्हणून अस्सल होता, हे मला आजही कबूल करावं लागतं. त्यानं रिसीव्हर छातीशी धरला आणि अण्णांच्याच आवाजात म्हणाला, "गवंडी आहे."

"कुठला गवंडी?"

"ज्यानं हे घर बांधलं तो."

"इतक्या वर्षांनी? काय म्हणतोय?"

"म्हणतोय..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणतोय, घर मी बांधलं आणि पाटी तुमच्या नावाची लागली."

प्रमिलाताई उठल्या, त्यांच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मग खोटं आहे का ते?"

माझं बोट बटणावर होतं. ते त्यांना दिसत होतं.

"नाही," विश्रामराव म्हणाले. "खरं आहे."

त्यांनी रिसीव्हर ठेवला. मी बोट उचललं. प्रमिलाताईंनी पुढचं वाक्य घेतलं आणि नाटक रुळावर आलं.

भाऊंनी कपाळावरचा घाम पुसला. "झालं का समाधान? मिळाली ना कबुली?"

मिळाली होती. पण हजार माणसांसमोर कबुली मिळाली आणि त्यातल्या एकालाही ती कळली नव्हती. समोरच्या रांगेतले पाहुणे कौतुकानं माना डोलवत होते. त्यांना वाटलं, वा, शंभराव्या प्रयोगाला नवीन प्रसंग घातला! दिग्दर्शक असावा तर असा! म्हणजे मी हिसकायला गेले आणि त्याच्या पदरात आणखी घालून आले. संतापानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

शेवटचा प्रवेश लागला. दिवे मंद झाले. प्रमिलाताई आत गेल्या. अण्णा खुर्चीत येऊन बसले, फोनपासून हातभर अंतरावर. ही माझी घंटा. आज तिची जादू अर्धी गेली होती, कारण मीच ती पाच वेळा वाजवून बसले होते. तरी वाजवली असती तर प्रयोग निभावला असता.

मी नाही वाजवली.

विश्रामराव बसून राहिले. तोंड प्रेक्षकांकडे, कान माझ्याकडे. दगडूमामांनी दोर घट्ट धरला. सातवी रिंग वाजल्याशिवाय पडदा सोडायचा नाही, हे त्यांना मीच बजावून ठेवलं होतं, आणि शंभर प्रयोगांत मामा एकदाही चुकले नव्हते.

"वाजव," भाऊ कुजबुजले.

मी नकारार्थी मान हलवली.

"शालन, पाया पडतो तुझ्या. वाजव गं!" ते पेटीकडे झेपावले. मी पेटीची वायर धरली आणि भिंतीतून उपटून काढली.

"आता वाजवा तुम्ही."

स्टेजवर एक मिनिट गेलं. तिथे एक मिनिट म्हणजे काय असतं, ते तिथे उभं राहिलेल्यालाच कळतं. विश्रामरावांच्या कानशिलावरून घाम निथळायला लागला. त्यांनी फोनकडे पाहिलं. मग समोर पाहिलं. मग परत फोनकडे. त्यांना पुढचं काहीच येत नव्हतं. येणार कुठून? पुढचं मी बसवलं होतं, आणि मी विंगेत हाताची घडी घालून उभी होते. इतक्या वर्षांनंतरही सांगते, माझ्या आयुष्यात मला इतका आनंद कधी झाला नाही.

दुसरं मिनिट गेलं. प्रेक्षकांत हुंदके ऐकू यायला लागले. त्यांच्या दृष्टीनं तो बाप होता, ज्यानं मुलीला हाकललं आणि आता तिच्या फोनची वाट बघत बसला होता, आणि तो फोन येत नव्हता.

मग विश्रामरावांचा हात पुढे गेला. त्यांनी न वाजलेल्या फोनचा रिसीव्हर उचलला, कानाला लावला, आणि फुटक्या आवाजात म्हणाले, "शालन... शालन, वाजव ना गं."

तो अण्णांचा आवाज नव्हता. तो घाबरलेल्या विश्राम शेणोलीकरचा आवाज होता.

दगडूमामांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. पडदा पडला आणि बाहेर सगळं थिएटर उठून उभं राहिलं.

आत भाऊ म्हणाले, "चालती हो. पुन्हा तोंड दाखवू नकोस." मी म्हटलं, "निघालेच." विश्रामराव खुर्चीतून उठले नव्हते, रिसीव्हर अजून हातात होता. मी त्यांच्या समोरून गेले, पेटी काखेत मारून. पेटी माझी होती.

दोन दिवसांनी वर्तमानपत्रात परीक्षण आलं. ते मला तोंडपाठ आहे. 'शंभराव्या प्रयोगात दिग्दर्शक शेणोलीकर यांनी आपलाच गाजलेला शेवट मोडून त्याहून मोठा शेवट उभा केला. रुसलेल्या लेकीला तिच्या लहानपणच्या शालन या लाडक्या नावानं हाक मारणारा हा बाप मराठी प्रेक्षक विसरणार नाही.'

घ्या! माझं नाव स्टेजवर उच्चारलं गेलं आणि छापूनही आलं. ते नाटकातल्या लेकीचं लाडकं नाव म्हणून आलं, आणि दिग्दर्शक शेणोलीकरच राहिले. मी तो कागद हातात धरून वेड्यासारखी हसत सुटले. आईला वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

पुढच्या रविवारी सांगलीला प्रयोग होता. परीक्षण वाचून लोक तो नवा शेवट बघायला आले होते, त्यामुळे तोच करणं भाग होतं. विश्रामराव बसले वाट बघत. पण किती वेळ बसायचं, नजर केव्हा फिरवायची, हात कधी न्यायचा, हे सांगणारं कुणी नव्हतं. पुण्याला त्यांना खरी भीती होती. सांगलीला त्यांना माहीत होतं की फोन वाजणारच नाही. बाल्कनीतून कुणीतरी ओरडलं, "ओ अण्णा, लाइन कापलीय काय?" आणि सगळं थिएटर खो खो हसलं. हे मला प्रमिलाताईंनी सांगितलं. बुधवारी सकाळी त्या मुद्दाम आमच्या घरी आल्या होत्या.

"कोल्हापूरलाही तीच तऱ्हा झाली," त्या म्हणाल्या. "तोंडचं पाणी पळालंय विश्रामच्याही आणि भाऊंच्याही. शालन, आज चार वाजता विश्राम तुला फोन करणार आहे. भाऊंनी कबूल केलंय, पुढच्या जाहिरातीपासून तुझं नाव लागेल. दिग्दर्शक म्हणून. एकटीचं."

"असं म्हणाले विश्रामराव?"

"माझ्यासमोर म्हणाला. फक्त शेवट कसा करायचा तेवढं येऊन सांग म्हणतोय. उचल गं बाई फोन. हट्ट करू नकोस. एवढ्यासाठीच सगळं केलंस ना?"

"हो. एवढ्यासाठीच."

त्या गेल्या. माझे वडील डॉक्टर, म्हणून आमच्याकडे फोन होता, दिवाणखान्यात कोपऱ्यातल्या टेबलावर. चारला पाच कमी असताना मी खुर्ची ओढून त्याच्यापासून हातभर अंतरावर बसले. मला माझं नाव हवं होतं. किती हवं होतं, ते माझं मला ठाऊक. त्यानंतर आजतागायत मला कुणी नाटक दिलं नाही. नाटकं बंद पाडणारी बाई म्हणून माझी ख्याती झाली. हे असं होणार, हे मला त्या खुर्चीत बसल्या बसल्याच कळत होतं. 'परतीची खोली' एकशेसातव्या प्रयोगाला बंद पडलं.

बरोबर चारला फोन वाजला.

हजार माणसांसमोर चोरलं होतं, आणि परत द्यायला निघाला होता घरच्या फोनवर, कुणी ऐकायला नसताना. जाहिरातीत नाव लागलं असतं, पण ते चोरलं होतं हे कुणालाच कळलं नसतं. आतून आई ओरडली, "शालन, अगं फोन वाजतोय!"

"वाजू दे."

मी मोजत होते. पाचव्या रिंगेला माझाही जबडा हलायला लागला. सातवी वाजली आणि फोन थांबला.

माझा हात मांडीवरच होता.